गुलाबी वलयापासून कुपीपर्यंत

ज्या उंदरांना औषध दिलेच नव्हते, त्यांच्याही गाठी विरघळल्या होत्या.

न्यू यॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड हे शास्त्रज्ञ उंदरांमधल्या लसिका पेशींच्या कर्करोगावर प्रयोग करत होते. सशाच्या शरीरात या कर्करोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची आणि ती उंदराला टोचायची, असा त्यांचा बेत होता. प्रतिपिंडांना काम करायला रक्तातला एक पूरक घटक लागतो. तो गिनिपिगच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, भरपूर असतो. म्हणून सशाच्या प्रतिपिंडांबरोबर गिनिपिगचे सीरमही टोचले जाई. तुलनेसाठी काही उंदरांना फक्त गिनिपिगचे सीरम दिले होते. त्यांच्या गाठी वाढत राहायला हव्या होत्या, पण त्याही नाहीशा झाल्या.

किड यांनी हा निकाल चूक म्हणून बाजूला सारला नाही. त्यांनी घोड्याचे सीरम टोचून पाहिले, सशाचे पाहिले. दोन्हींनी काही झाले नाही. फक्त गिनिपिगच्या रक्तात काहीतरी होते, आणि ते उंदराच्या निरोगी पेशींना धक्का न लावता कर्करोगाच्या पेशी मारत होते. 1953 साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते ‘काहीतरी’ काय आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

आज सातारा किंवा सांगली जिल्ह्यातले एखादे मूल रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत असते, तेव्हा त्याला मिळणाऱ्या इंजेक्शनांपैकी एक थेट या उंदरांपर्यंत जाऊन पोचते. त्याचे नाव एल-अॅस्परॅजिनेज. हे एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम, आणि ते जिवाणूंपासून बनवतात. त्याची कहाणी ज्यांनी चिकाटीने मोजमाप केले त्यांची आहे.

जुन्या कागदातला धागा

पहिला धागा कर्करोगाशी संबंध नसलेल्या कामातून निघाला. अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल 1806 साली फ्रान्समध्ये अॅस्परॅगसच्या रसातून वेगळे केले गेले. निसर्गातून शुद्ध रूपात हाती लागलेले ते पहिलेच अमिनो आम्ल. आपल्या सह्याद्रीत वाढणारी शतावरी ही याच अॅस्परॅगस कुळातली. पुढे 1922 साली क्लेमेंटी या इटालियन संशोधकाने नोंदवले की, अॅस्परॅजिन तोडणारे विकर गिनिपिगच्या रक्तात असते, पण इतर अनेक प्राण्यांच्या रक्तात सापडत नाही. ही नोंद जवळपास चार दशके पडून राहिली.

1956 साली न्यूमन आणि मॅककॉय यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या कर्करोगाच्या काही पेशींबद्दल वेगळीच गोष्ट दाखवली. या पेशींना बाहेरून अॅस्परॅजिन पुरवले नाही तर त्या वाढतच नाहीत. शरीरातल्या बहुतेक पेशी आपले अॅस्परॅजिन आपणच तयार करतात.

हे दोन्ही धागे जॉन ब्रूम यांनी जुळवले. तेही कॉर्नेलमध्येच होते. 1961 साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात मांडले की, किड यांच्या सीरममधला अज्ञात घटक म्हणजे क्लेमेंटी यांचे विकरच आहे. तर्क सुंदर होता, पण ब्रूम यांनी तर्कावर काम भागवले नाही. सीरम तापवले की विकर कोणत्या तापमानाला निकामी होते आणि गाठी विरघळवण्याची ताकद कोणत्या तापमानाला जाते, हे त्यांनी ताडून पाहिले. सीरमचे वेगवेगळे अंश पाडून कोणत्या अंशात विकर आहे आणि कोणत्या अंशात औषधी गुण आहे, तेही तपासले. दोन्ही गोष्टी दर वेळी जोडीने राहिल्या आणि जोडीने गेल्या. गिनिपिगच्या नवजात पिलांच्या रक्तात हे विकर जवळपास नसते. त्यांचे सीरम टोचले तर गाठी तशाच राहिल्या. आता शंकेला जागा उरली नाही.

औषधाची तऱ्हा समजायला सोपी आहे. निरोगी पेशीच्या घरात चूल असते, तर रक्ताच्या या कर्करोगातली पेशी खाणावळीवर जगते. रक्तातून येणारे अॅस्परॅजिन हाच तिचा डबा. विकर रक्तातल्या अॅस्परॅजिनचे अॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया असे तुकडे करते आणि खाणावळ बंद पाडते. घरी चूल असलेली पेशी तगते, दुसरी उपाशी मरते. कर्करोगाच्या पेशीच्या अशा उणिवेवर नेमका घाव घालणाऱ्या सुरुवातीच्या औषधांमध्ये अॅस्परॅजिनेजचे स्थान फार वरचे आहे.

दोन विकरे, एकच कामाचे

गिनिपिग हा हातात मावणारा प्राणी. एका रुग्णाच्या डोसासाठी असे किती प्राणी लागतील, याचा हिशेब केला की हा मार्ग किती अरुंद होता ते कळते. 1966 साली शिकागोमध्ये डोलोवी आणि सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या रक्तातून अर्धवट शुद्ध केलेले विकर ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, एका रुग्णाला दिले. रुग्णाने प्रतिसाद दिला. औषध माणसातही चालते हे दिसले, पण हजारो रुग्णांसाठी ते आणायचे कुठून?

ब्रूम यांनी यीस्टमधले अॅस्परॅजिनेज वापरून पाहिले होते. ते अॅस्परॅजिन तोडत असे, पण उंदराच्या रक्तातून इतक्या झटपट नाहीसे होई की उपयोग शून्य. उत्तर जिवाणूने दिले. 1964 साली डेलावेअर विद्यापीठात लुईस मॅशबर्न आणि जॉन रिस्टन यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या साध्या जिवाणूपासून विकर काढले आणि त्याने उंदरांमधला कर्करोग रोखला जातो हे दाखवले. जिवाणू टाकीत हवे तितके वाढवता येतात, त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न सुटला असे वाटले.

पण 1967 साली कॅम्पबेल, मॅशबर्न, बॉयस आणि ओल्ड यांना आढळले की ई. कोलाय एक नव्हे, दोन अॅस्परॅजिनेज बनवतो. त्यांनी त्यांना ईसी-1 आणि ईसी-2 अशी नावे दिली. परीक्षानळीत दोन्ही अॅस्परॅजिन तोडतात. कर्करोगावर मात्र फक्त ईसी-2 चालते.

कारण आहे ओढीत. माणसाच्या रक्तात अॅस्परॅजिन साधारण 50 मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे अगदी विरळ असते. ईसी-2 ला सब्स्ट्रेटची, म्हणजे ज्या पदार्थावर ते काम करते त्याची, ओढ इतकी प्रखर आहे की एवढ्या विरळ रक्तातूनही ते अॅस्परॅजिन वेचून काढते. ईसी-1 ला काम सुरू करायला त्याच्या कितीतरी पट अधिक अॅस्परॅजिन लागते, आणि तेवढे रक्तात कधी नसतेच. ही ओढ मोजण्याच्या आकड्याला ‘केएम’ म्हणतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेपुरता पाठ होणारा हा आकडा इथे औषध आणि निरुपयोगी प्रथिन यांच्यातली सीमारेषा ठरला.

म्हणूनच विकराचे गुणवर्णन, ज्याला प्रयोगशाळेत ‘कॅरॅक्टरायझेशन’ म्हणतात, तेच या शोधाचे हृदय आहे. विकर सापडणे ही फक्त सुरुवात. 1967 सालीच स्लोन-केटरिंग संस्थेच्या गटाने माणसातल्या ल्युकेमियावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 1978 साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. 1993 साली त्याची स्फटिकरचना उलगडली: एकसारखे चार घटक, प्रत्येकात 326 अमिनो आम्ले, आणि घटकांच्या सांध्यात अॅस्परॅजिन तोडणाऱ्या जागा.

परळच्या वाटेवर

लहान मुलांना होणारा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. भारतातली त्याची लढाई मुंबईच्या परळमधल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातूनही लढली गेली. 1984 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-841’ ही उपचारपद्धती आखली गेली. मुंबईचे टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तीन केंद्रांनी ती वापरली. त्यात व्हिन्क्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, डॉनोरुबिसिन यांच्या जोडीला एल-अॅस्परॅजिनेज होते. चौदा वर्षांच्या काळातल्या हजाराहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. ज्या आजारात बहुतेक मुले दगावत, त्यात चार वर्षांनंतरही रोग न उलटलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. आज प्रगत देशांत दहापैकी नऊ मुले बरी होतात.

आटपाडी, जत, माण, खटावकडची माणसे गाठोडे बांधून परळला जातात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन् महिने राहतात आणि एक-एक सलाईन मोजतात. या आजाराचे उपचार साधारण दोन-अडीच वर्षे चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. मुलाला रेंगाळणारा ताप, वाढता फिकेपणा, अंगावर उगाच उठणारे निळे-काळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे यांपैकी काही दिसले तर रक्ताची साधी तपासणी लगेच करून घ्यावी. हा आजार बरा होतो, आणि उपचार मध्येच सोडले तर बरा होण्याची संधी हातची जाते.

आजही का शोधायचे?

साठ वर्षे झाली, औषध आहे, मग नव्या अॅस्परॅजिनेजचा शोध कशाला? कारण जुन्यात तीन खोटी आहेत.

पहिली खोट: ते जिवाणूचे प्रथिन आहे. शरीर त्याला परके ओळखते. काही मुलांना तीव्र ॲलर्जी होते, तर काहींच्या शरीरात गाजावाजा न होता प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध निष्प्रभ करतात. बाहेरून सगळे ठीक दिसते, आत विकर मेलेले असते. यावर उपाय म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकोलची झूल चढवलेले रूप 1994 साली अमेरिकेत आले. साधे विकर रक्तात साधारण सव्वा दिवसात निम्मे होते, या रूपाला निम्मे व्हायला पाच-सहा दिवस लागतात. ज्यांना ई. कोलायचे विकर सोसत नाही, त्यांच्यासाठी अर्विनिया या दुसऱ्या जिवाणूचे विकर वापरतात.

दुसरी खोट: हे विकर अॅस्परॅजिनबरोबर थोडे ग्लुटामिनही तोडते. यकृत, स्वादुपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांवरच्या दुष्परिणामांचा काही भाग या जोडकामाच्या माथी मारला जातो. इंदूरच्या आयआयटीतील अविनाश सोनवणे यांच्या गटाने ई. कोलायच्या विकरात बदल घडवून हे जोडकाम आणि ॲलर्जीचा धोका दोन्ही कमी करण्याचे काम केले. त्या रूपाची पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात हाती घेतली गेली.

तिसरी खोट बाजारातली. कुपीवर युनिटे छापलेली असतात, पण आत खरोखर तेवढी ताकद आहे का? टाटा मेमोरियल आणि ॲक्ट्रेकच्या संशोधकांनी भारतात मिळणाऱ्या जेनेरिक अॅस्परॅजिनेजची सक्रियता प्रयोगशाळेत मोजली आणि रुग्णांच्या रक्तातल्या पातळीशी ताडली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की सगळ्या कुप्या सारख्या नाहीत. रक्तात प्रति लिटर 100 युनिट सक्रियता टिकली तर अॅस्परॅजिन पुरेसे आटते, असे डॉक्टर मानतात. ती टिकते की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

कृष्णाकाठची माती

या तिन्ही खोटींवरचे एखादे उत्तर मातीत असू शकते. मातीतले कित्येक जिवाणू अॅस्परॅजिन तोडून त्यातला नायट्रोजन खातात, आणि प्रत्येकाचे विकर थोडे निराळे असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मातीचे प्रकारही किती! कासच्या पठारावर जांभ्या खडकावरचा मातीचा पातळ थर, जिथे पावसाळ्यानंतर फुलांचे गालिचे पसरतात. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेच्या काठची काळी कसदार जमीन. वाळवा, पलूस, मिरज या भागात उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं, जिथे मीठ सोसणारे जिवाणूच टिकाव धरतात. आणि जत-आटपाडीचा उन्हात करपणारा माळ.

अशा मातीतून विकर शोधण्याची रीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेला परवडणारी आहे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात हलवायची, ती दहा-दहा पट पातळ करत जायची आणि अगारच्या थाळीवर पसरायची. थाळीत नायट्रोजनसाठी अॅस्परॅजिनखेरीज काहीच नसते, आणि फेनॉल रेड हा रंग मिसळलेला असतो. अॅस्परॅजिन तुटले की अमोनिया सुटतो, भोवतालचा सामू वाढतो आणि पिवळ्या थाळीवर वसाहतीभोवती गुलाबी वलय उमटते.

ते पहिले गुलाबी वलय पाहताना विद्यार्थ्याच्या छातीत जे होते, ते शब्दांत सांगणे कठीण. पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सामू इतर कारणांनीही वाढतो. म्हणून तीच वसाहत अॅस्परॅजिन नसलेल्या थाळीवरही लावून पाहावी लागते. तिथेही वलय आले तर तो जिवाणू बाद.

पुढे जिवाणू द्रवात वाढवतात. यासाठी सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, साखर कारखान्यातली मळी असे स्वस्त खाद्य वापरता येते, आणि या दोन जिल्ह्यांत त्याचा तुटवडा नाही. नंतर पेशी फिरत्या यंत्रात खाली बसवायच्या, त्यांच्या आवरणांच्या मधल्या जागेतले विकर सोडवायचे, अमोनियम सल्फेट घालून प्रथिने साक्याच्या रूपात वेगळी करायची. ही सगळी कामे थंडीत, चार अंश सेल्सियसवर. मग डायलिसिसच्या पिशवीत रात्रभर मीठ काढायचे आणि स्तंभातून गाळून विकर शुद्ध करायचे.

इथे एक सापळा आहे आणि त्यात अनेक जण सापडतात. विकराची ताकद मोजतात ती सुटलेल्या अमोनियावरून. नेसलर अभिकर्मक घातला की अमोनियाच्या प्रमाणात पिवळा-तपकिरी रंग चढतो. पण शुद्धीकरणासाठी वापरलेल्या अमोनियम सल्फेटमध्येही तोच अमोनिया असतो! डायलिसिस नीट झाले नाही तर विकराच्या नावावर मिठाचा अमोनिया मोजला जातो, आणि वहीत खोटा विक्रम नोंदला जातो. याला एकच उपाय: प्रत्येक मापनाला सब्स्ट्रेट नसलेली आणि विकर उकळून मारलेली अशा दोन नळ्यांची जोड द्यायची, आणि तिथला आकडा वजा करायचा. नेसलरमध्ये पारा असतो, म्हणून त्याचा उरलेला द्राव बेसिनमध्ये न ओतता वेगळा साठवायचा.

यातून एक प्रामाणिक आकडा मिळतो. एका मिनिटात एक मायक्रोमोल अमोनिया सोडणारे विकर म्हणजे एक युनिट. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर दर मिलिग्रॅम प्रथिनामागे युनिटे वाढत गेली तर काम योग्य दिशेने चालले आहे. नंतर खरे प्रश्न विचारायचे. हे विकर 37 अंशांना आणि रक्ताच्या 7.4 सामूला काम करते का? अनेक विकरे 50 अंशांना आणि 9 सामूला दिमाखात काम करतात, शोधनिबंधात छान दिसतात, पण माणसाचे रक्त तसे नसते. केएम मायक्रोमोलमध्ये आहे की मिलिमोलमध्ये? ग्लुटामिन किती तोडते? सीरममध्ये ठेवल्यावर किती तास जिवंत राहते? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर जिवाणूचे नाव कितीही अनोखे असो, औषधाच्या वाटेवर त्याला स्थान नाही.

आणि हे सगळे जमले तरी कुपी दूरच असते. जनुक वेगळे काढून सुरक्षित जिवाणूत बसवणे, जिवाणूच्या आवरणातले ताप आणणारे विष शेवटच्या कणापर्यंत काढणे, प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या. हे काम कारखाना, रुग्णालय आणि औषध नियंत्रक यांचे. महाविद्यालयाची प्रयोगशाळा तिथवर पोचत नाही, आणि तिने तसा दावाही करू नये. पण पहिला नेमका आकडा तिच्याच टेबलावर निघू शकतो.

मागणे एवढेच

1919 साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ या दोन जिल्ह्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना विज्ञान शिकवले आहे. त्या मुलांच्या हातात आज पिपेट आहे.

या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे. प्रकल्प गुलाबी वलयावर थांबवू नका. जिवाणूची ओळख रायबोसोमच्या जनुकावरून पटवा. शुद्ध कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करा, म्हणजे तुम्ही पास होऊन गेल्यावरही ते कुणाला तरी तपासता येईल. ग्लुटामिनची चाचणी करा, केएम काढा, शरीराच्या तापमानाला आणि सामूला मोजा. आणि निकाल नकारार्थी आला तर तोही तितक्याच ठसठशीत अक्षरात लिहा. क्लेमेंटी यांची साधी नोंद जवळपास चार दशकांनी ब्रूम यांच्या कामी आली, ती नीट लिहिली होती म्हणून.

किड यांनी तुलनेच्या गटातल्या उंदरांची नोंद टाळली असती तर हे औषध आणखी किती उशिरा आले असते, सांगता येत नाही. परळच्या वॉर्डात सलाईन लागलेल्या मुलाला कोणत्या मातीतला जिवाणू उद्या उपयोगी पडेल, हेही आज सांगता येत नाही. म्हणून मोजा, खरे मोजा, आणि जे निघाले ते लिहून ठेवा.